डिवचलेला प्राणी आणि दायित्वाचा प्रश्न : साठमारीच्या आखाड्यापासून जुन्नरच्या उसापर्यंत

प्रस्तावना

हिंस्र प्राण्यास माणसाने डिवचले आणि त्यातून प्राणहानी घडली, तर दोष कोणाचा, हा प्रश्न बहुधा प्राणिसंग्रहालयाच्या संदर्भात विचारला जातो. उत्तरेही ठरलेली असतात. एक पक्ष प्रेक्षकाच्या आगाऊपणाकडे बोट दाखवितो, दुसरा प्रशासनाच्या हलगर्जीपणाकडे. चार दिवसांनी दोन्ही पक्ष थकतात आणि कठड्याची उंची थोडी वाढविली जाते.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत मात्र हाच प्रश्न गेली पंचवीस वर्षे पिंजऱ्याच्या बाहेर उभा आहे. नारायणगावच्या पूर्वेस असलेले खोडद हे गाव तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना परिचित आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना या परिसरात पसरलेल्या आहेत. त्याच बागायती पट्ट्यात ऊस आहे, आणि उसात बिबट्या आहे. गावकरी त्याला आजही सरसकट 'वाघ'च म्हणतात. येथे तिकीट नाही, खंदक नाही, सूचनेची पाटी क्वचितच आढळते. मग येथे रखवालदार कोण आणि प्रेक्षक कोण? प्राणिसंग्रहालयाच्या इतिहासातून दायित्वाची जी कल्पना घडत गेली, ती या शिवारास लावून पाहिली असता असे दिसते की, 'कोणी डिवचले?' हा प्रश्न दुय्यम आहे. माणूस आणि जनावर यांच्यातील अंतर कोणी ठरविले, आणि ते मोडताना कोणाला निवड करण्याची मोकळीक होती, हा मूळ प्रश्न आहे.

डिवचणे हाच खेळ

मराठी मुलखाच्या इतिहासात प्राण्यास डिवचणे हा अपघात नसून राजमान्य खेळ होता, हे प्रथम लक्षात घ्यावयास हवे. कोल्हापूर व बडोदा या संस्थानांत साठमारी चालत असे. माजावर आलेला हत्ती भिंतींनी बंदिस्त केलेल्या आखाड्यात सोडावयाचा आणि साठमारांनी त्यास चिडवून आपल्या अंगावर घ्यावयाचे, असे तिचे स्वरूप होते. कोल्हापुरास राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४ ते १९२२) या खेळास विशेष उत्तेजन मिळाले. आखाड्याची रचना फार बोलकी आहे. माणूस निसटून जाऊ शकेल, पण हत्ती शिरू शकणार नाही, अशा अरुंद वाटा व आडोसे त्यात मुद्दाम ठेवलेले असत. म्हणजे डिवचणारा प्रशिक्षित होता, त्याची सुटकेची वाट बांधकामातच धरलेली होती आणि पाहणारा उंचावर, सुरक्षित अंतरावर होता. धोका कोण पत्करतो आणि कोणाच्या आज्ञेने पत्करतो, याविषयी संदिग्धता नव्हती. साठमार दगावला तर हत्तीस दोष देण्याचे कारणच नव्हते. हत्ती माजावर आहे हेच तर खेळाचे भांडवल होते.

आजच्या दृष्टीने हा खेळ क्रूर होता, यात शंका नाही. परंतु त्यात एक प्रामाणिकपणाही होता. ज्याने जनावर आणले, आखाडा बांधला आणि माणूस आत पाठविला, तो सर्वांच्या डोळ्यांसमोर बसलेला असे.

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. तो सवाई माधवरावांच्या काळात विशेष भरास आला. ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांच्याकडे काम करणाऱ्या गंगाराम तांबट या पुणेरी चित्रकाराने तेथील गेंड्याचे १७९० मध्ये काढलेले चित्र उपलब्ध आहे. हा संग्रह दरबारी होता, सार्वजनिक नव्हता. सार्वजनिक प्राणिसंग्रहालय ही संस्था आपल्याकडे वसाहतकाळात रुजली. भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये लोकांना खुली झाली. पुढे १९५३ मध्ये पुणे नगरपालिकेच्या उत्तराधिकारी महापालिकेने पेशवे पार्क सुरू केले आणि १९९९ पासून कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाने त्याची जागा घेतली. दरबारी शिकारखान्याकडून नागरी बागेकडे झालेल्या या प्रवासात एक नवा माणूस जन्मास आला, तो म्हणजे तिकीट काढून आलेला प्रेक्षक. तो साठमारासारखा प्रशिक्षित नाही, सरदारासारखा निमंत्रित नाही. त्याने पैसे दिले आहेत, आणि झोपलेला वाघ पाहून परत जावयास तो राजी नसतो.

कायद्याने आखलेली रेषा

या नव्या प्रेक्षकाचे काय करावयाचे, याचा विचार इंग्लंडच्या न्यायालयांनी बराच आधी केला होता. १८४६ च्या 'मे विरुद्ध बर्डेट' या खटल्यात पाळलेल्या माकडाने एका स्त्रीस चावा घेतला होता. जनावर धोकादायक आहे हे ठाऊक असून ते बाळगणे, हाच दायित्वाचा पाया होय. मालकाचा वेगळा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही, असा निर्णय झाला. मात्र न्यायालयाने एक फट मोकळी ठेवली. इशारा दिल्यानंतरही केवळ स्वतःच्या हट्टाने एखाद्याने इजा ओढवून घेतली असेल, तर कदाचित मालकास बचाव मिळू शकेल, असे सूचित करण्यात आले. 'इशाऱ्यानंतर' आणि 'केवळ' या दोन अटी महत्त्वाच्या आहेत. पुढील सर्व वाद याच दोन शब्दांभोवती फिरत राहिला आहे.

भारतात भारतीय दंडसंहितेच्या कलम २८९ ने आपल्या ताब्यातील प्राण्यापासून मानवी जीवितास संभवणारा धोका टाळण्यात कसूर करणे हा अपराध ठरविला. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच तरतूद कलम २९१ मध्ये आली आहे. प्रेक्षकावर थेट बंधन मात्र फार उशिरा आले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये १९९१ च्या दुरुस्तीने कलम ३८ 'जे' समाविष्ट झाले. प्राणिसंग्रहालयातील प्राण्यास चिडविणे, इजा करणे, खाऊ घालणे किंवा गोंगाटाने त्रास देणे यास त्यान्वये मनाई झाली. त्यासाठी मूळ तरतुदीत सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड ठेवण्यात आला. पुढील वर्षी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण अस्तित्वात आले. राणीची बाग खुली झाल्यापासून प्रेक्षकाचे हे कर्तव्य केंद्रीय कायद्यात लिहिले जाईपर्यंत सुमारे १३० वर्षे गेली.

कायदा झाला म्हणून माणूस बदलला नाही. १ जानेवारी १९९६ रोजी कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयात दोघे जण वाघास हार घालण्यासाठी आत उतरले. त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला. २३ सप्टेंबर २०१४ रोजी दिल्लीत एक तरुण पांढऱ्या वाघाच्या खंदकात गेला. वाघ काही काळ नुसताच त्याच्यासमोर उभा होता, आणि वरून लोकांनी दगड मारण्यास सुरुवात केल्यावर तो बिथरला, असे त्या वेळी वृत्तांतून समोर आले. या घटनेत डिवचणारे कोण, याचे उत्तर दिसते तितके सरळ नाही. कठडा ओलांडणारा एक होता, दगड मारणारे दुसरेच होते, आणि ते बहुधा त्याला वाचविण्याच्याच हेतूने मारीत होते.

सॅन फ्रान्सिस्को येथील २००७ ची घटना या संदर्भात अधिक तपशिलाने पाहण्यासारखी आहे. नाताळच्या दिवशी तेथील वाघीण खंदक ओलांडून बाहेर आली. तिच्या हल्ल्यात एक तरुण ठार व दोघे जखमी झाले. तरुणांनी कठड्यावर उभे राहून वाघिणीस डिवचल्याचा आरोप झाला. परंतु तपासणीत खंदकाची भिंत सुमारे १२.५ फूट भरली, आणि अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेची शिफारस १६.४ फुटांची होती. पुढे वाचलेल्या दोघांशी नऊ लाख डॉलरची तडजोड करण्यात आली. येथे दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. डिवचले असेलही, पण डिवचलेल्या वाघिणीस अडविण्यासाठीच भिंत बांधलेली असते. शांत वाघिणीस भिंतीची गरज नसते. प्रेक्षक आगाऊपणा करणार हे गृहीत धरणे, हा रखवालदाराच्या कामाचाच भाग आहे. तो त्याच्यावरील अन्याय नव्हे.

हे गृहीत विसरावयास लावणारा एक बदल विसाव्या शतकाच्या आरंभी झाला होता. कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये हांबुर्गजवळ स्टेलिंगन येथे गजांऐवजी खंदकांचे उघडे प्राणिसंग्रहालय उभारले आणि जगाने त्याचे अनुकरण केले. प्राण्यास ते निश्चितच हिताचे ठरले. मात्र लोखंडी गज माणसाला जे सांगत होते, ते खंदक सांगत नाही. अंतर तेवढेच राहिले, पण दिसेनासे झाले.

अंतर कसे नाहीसे झाले

जुन्नर-आंबेगावात अंतर दिसेनासे होण्याची प्रक्रिया वेगळ्या मार्गाने घडली. पश्चिमेकडील डोंगराळ भागात महादेव कोळी समाज वाघोबाचे ठाणे मानतो, वाघबारसेस त्याची पूजा करतो. ही श्रद्धा म्हणजे एक प्रकारचा करारच होय. जनावराच्या हद्दीची कबुली त्यात आहे. वसाहतकालीन शासनाने मात्र हिंस्र पशूंच्या निर्मूलनासाठी बक्षिसे लावली. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या मांडणीनुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशभरात ८० हजारांहून अधिक वाघ आणि दीड लाखांहून अधिक बिबटे मारले गेले. त्या व्यवस्थेत दायित्वाचा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण जनावर हेच आरोपी होते. १९७२ च्या अधिनियमाने हे उलटे केले, आणि ते योग्यच झाले.

परंतु कायदा बदलत असतानाच जमीनही बदलत होती. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे या धरणांचे पाणी कालव्यांनी पूर्वेकडे आले. विघ्नहर व भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. बारा ते अठरा महिने उभे राहणारे उसाचे पीक म्हणजे बिबट्याच्या दृष्टीने दाट, ओलसर, निवांत आडोसा होय. जवळच कुत्री, शेळ्या, वासरे. बिबटीण उसात विते, पिल्ले उसातच वाढतात. जंगल कशाला म्हणतात हे त्यांनी पाहिलेलेही नसते. 'बिबट्या मनुष्यवस्तीत शिरला' हे नेहमीचे वाक्य म्हणूनच या भागापुरते चुकीचे ठरते. तो तेथलाच रहिवासी आहे.

ही वस्ती कोणी ठरवून केली नाही, हे खरे. तथापि तिच्यातून लाभ कोणास आणि धोका कोणास, याची वाटणी समान झाली नाही. साखरेचा पैसा बागायतदार, कारखाना व शासन यांच्यात वाटला गेला. धोका प्रामुख्याने उसाच्या कडेला कोपी घालून राहणाऱ्या ऊसतोड मजुराच्या, मेंढ्यांचा वाडा घेऊन पडीक रानात उतरलेल्या धनगराच्या आणि शेतीची वीज रात्रीच येते म्हणून अंधारात पाणी भरावयास जाणाऱ्या शेतकऱ्याच्या वाट्यास आला. वाकून गवत कापणारी बाई किंवा दारात खेळणारे मूल प्राण्यास डिवचीत नसते. १८४६ च्या निकालातील दोन्ही अटी येथे निकामी होतात. हट्ट नाही, आणि इशारा मिळाला तरी तो पाळण्याची ऐपत नाही. 'रात्री बाहेर पडू नका' ही सूचना विजेचे वेळापत्रक न बदलता देणे म्हणजे सूचना देणाऱ्याने स्वतःचा बचाव तयार करून ठेवणे होय.

२००१ ते २००३ : शासकीय डिवचणे

फेब्रुवारी २००१ पासून जुन्नर वनविभागात मोठ्या प्रमाणावर बिबटे पिंजऱ्यात पकडून जवळच्या जंगलांत सोडण्याची मोहीम राबविली गेली. हेतू चांगला होता. बिबट्या मारला जाऊ नये आणि लोकही सुरक्षित राहावेत, अशी अपेक्षा होती. परिणाम नेमका उलट झाला. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसून आले की, १९९३ ते २००१ या काळात माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी चार होती. मोहिमेनंतर ती सतरावर गेली. प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर पोहोचले. पकडण्याचा ताण, अनोळखी मुलूख, तेथे आधीच असलेले बिबटे आणि मूळ ठिकाणी परतण्याची ओढ यांतून ही स्थिती उद्भवली असावी, असे या अभ्यासावरून म्हणता येते.

बिबट्या जात्याच माणसावर धावून येणारा प्राणी आहे, अशी समजूत असेल तर शेजारच्या अकोले तालुक्याचे उदाहरण पाहावे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथील शेतीप्रधान खोऱ्यात दर १०० चौरस किलोमीटरमध्ये सरासरी ४.८ प्रौढ बिबटे आढळले, आणि तरीही तेथे बिबट्याच्या हल्ल्यात मनुष्यहानी झालेली नव्हती. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला वयस्क बिबट्या, जो पुढे 'आजोबा' या नावाने प्रसिद्ध झाला, त्यास रेडिओ पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. तो माणसांच्या वस्त्यांमधून सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला; वाटेत त्याने कोणासही इजा केली नाही. अर्थात एका 'आजोबा'वरून सर्व बिबट्यांची हमी देता येत नाही.

कायद्याच्या दृष्टीने येथे एक गंभीर मुद्दा उपस्थित होतो. मोकळा फिरणारा वन्य प्राणी कोणाच्याच मालकीचा नसतो, असे सर्वसाधारण तत्त्व आहे. परंतु अधिनियमाच्या कलम ३९ नुसार बंदिवासात ठेवलेला वन्य प्राणी ही राज्य शासनाची मालमत्ता होय. मग पिंजऱ्यात घेतलेला, गाडीतून नेलेला आणि विशिष्ट ठिकाणी विशिष्ट दिवशी सोडलेला बिबट्या केवळ 'निसर्ग' राहतो काय? तो काही काळ तरी शासनाच्या ताब्यातून गेलेला प्राणी आहे. ज्या गावाजवळ तो सोडला गेला, त्या गावाने तो मागितला नव्हता. साठमारीत आखाडा बांधणारा राजा निदान समोर दिसत असे. येथे निर्णय फाइलवर झाला, आणि परिणाम ज्यांनी भोगला त्यांना तो निर्णय कळलाही नाही.

वनखात्याने यातून काही शिकले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्र, उसतोडीत सापडलेली पिल्ले त्याच जागी ठेवून आईशी पुनर्भेट घडविण्याची पद्धत, आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची एप्रिल २०११ ची मार्गदर्शक तत्त्वे यांत तो धडा उतरलेला दिसतो. त्या तत्त्वांत स्थलांतरास परावृत्त केले असून जमावाच्या नियंत्रणास महत्त्व दिले आहे. नुकसानभरपाईची रक्कमही वाढत गेली आहे. परंतु ही रक्कम अद्याप 'सानुग्रह' या भाषेत दिली जाते. अनुग्रह म्हणजे कृपा. दायित्व मान्य केल्यावर कृपेची भाषा शोभत नाही.

जमाव

या सर्व विवेचनातून जमावास मोकळीक मिळते, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. मजूर, मेंढपाळ आणि मूल यांना निवड नव्हती. जमावाला ती असते. विहिरीत पडलेल्या बिबट्यावर दगड टाकणारे, उसात सापडलेली पिल्ले उचलून छायाचित्रे काढणारे, जखमी जनावराभोवती कडे करणारे लोक हे प्राणिसंग्रहालयातील त्या प्रेक्षकाचेच भाऊबंद होत. अधिनियमात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत प्राण्याचा पाठलाग करणे, त्याला हाकलणे यांचाही समावेश आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कलम ११ मध्ये स्वसंरक्षणार्थ प्राण्यास मारणे हा अपराध नाही असे म्हटले आहे. पण बचावाची वेळ आली तेव्हा जो स्वतःच अधिनियमाचा भंग करीत होता, त्यास हे संरक्षण नाही, अशी पुष्टीही तेथेच जोडलेली आहे. आधी डिवचावे आणि मग स्वसंरक्षण म्हणून मारावे, ही पळवाट कायदेकर्त्यांनी ओळखून बंद केली होती.

पुण्याने याचे दोन धडे एकाच महिन्यात पाहिले. ९ डिसेंबर २०२० रोजी कोथरूडमध्ये आलेल्या गव्याभोवती प्रचंड गर्दी जमली; धावून धावून थकलेला, जखमी झालेला तो प्राणी पकडल्यानंतर मरण पावला. २२ डिसेंबर रोजी बावधन परिसरात दुसरा गवा आला. या वेळी गर्दी आवरण्यात आली, त्यास वाट करून देण्यात आली, आणि तो जंगलात परत गेला. शहर तेच होते आणि खातेही तेच. मधल्या तेरा दिवसांत बदलले ते अंतर राखण्याचे भान.

ग्रामीण भागातील जमाव मात्र नेहमीच कुतूहलाचा नसतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जुन्नर वनविभागातच मोडणाऱ्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांच्या आत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन बळी गेले. त्यांत दोन बालके होती. ग्रामस्थांनी मंचर येथे पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. हा जमाव कोथरूडच्या जमावासारखा मोजता येणार नाही. तो जनावर पाहावयास आला नव्हता. आपल्याला कोणी पाहत नाही, ही त्याची तक्रार होती. त्यानंतर पिंजऱ्यांची संख्या वाढविण्याची, बिबटे दूर हलविण्याची मागणी पुन्हा जोराने पुढे आली. बिबटे पकडल्यावर कोठे सोडले जाणार, आणि तेथे त्या वेळी कोण राहत असेल, याचा उल्लेख त्या मागणीत सहसा नसतो. २००१ मध्येही तो नव्हता.